बारा बावन्नचा हादरा

मुख्य कचेरीचं पत्र आलं तेव्हा सुईबाई कागदाचा रूळ बदलत होत्या. एकोणीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. भूकंप-नोंद केंद्राच्या बुटक्या दगडी खोलीत तो रूळ गोल फिरायचा, त्यावर एक सुई सरळ रेघ ओढत राहायची आणि सुईबाई त्या रेघेकडे बघत राहायच्या. गावाने त्यांना सुईबाई हे नाव ठेवलं ते यावरूनच. आता, त्या सुईचं नक्की काय करतात, हे मात्र गावाने कधी विचारलं नाही आणि बाईंनीही कधी सांगितलं नाही. सासूबाई तर पाहुण्यांना "सून सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगायच्या आणि कोणी पुढे काही विचारायच्या आत विषय बदलायच्या.

पत्रात लिहिलं होतं : "आपल्या केंद्राच्या परिसरात गेल्या अकरा वर्षांत उल्लेखनीय भूकंप झालेला नाही. जनतेच्या पैशातून चालणाऱ्या या केंद्राचा जनतेस उपयोग काय, याची तपासणी एका महिन्यानंतर होईल. केंद्राचे कार्य नागरिकांस ठाऊक नसल्याचे आढळल्यास केंद्र बंद करून आपली बदली जुन्या फायलींच्या विभागात करण्यात येईल. तरी आपले कार्य सोप्या भाषेत जनतेपर्यंत पोहोचवावे."

"भूकंप झाला नाही हा काय माझा गुन्हा?" सुईबाई कडाडल्या.

"करायचा का एखादा?" मामांनी विचारलं. मामा म्हणजे केंद्राचे शिपाई. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, गुडघे त्याच्या आधीच निवृत्त झालेले. "आणि बाई, लोकांना कळवत नाही असं कसं म्हणतात? फाटकावर रोज कागद लावतो की आपण!"

कागद रोज लागत होता, हे अगदी खरं. त्यावर लिहिलेलं असायचं : 'दूरस्थ कंपन निरंक. स्थानिक मानवजन्य सूक्ष्मकंपन, १२:५२, परिमाण नगण्य.' एकोणीस वर्षांत तो कागद मनापासून घेतला असेल तर एका शेळीने, आणि तिनेही खालचा कोपरा चावून सोडून दिला होता.

त्या संध्याकाळी सुईबाईंनी घरी पत्र दाखवलं. त्यांचे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनी पत्र वाचलं, रोजचा कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"मानवजन्य? निरंक? अगं, हे वाचून मलाच झोप यायला लागली. लोकांना कळायला हवंय ना? मग मोठी अक्षरं, कमी शब्द. दहाच्या वर शब्द गेले की रस्त्यावरचा माणूस मान वर करत नाही. तीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

"पण नेमकं लिहायला हवं."

"नेमकंच लिहितो. दुपारी बारा बावन्नला तुझी सुई हलते की नाही?"

"हलते. रोज हलते. सहा वर्षं झाली. पण ते किरकोळ आहे हो, कुठलं तरी माणसांचंच—"

"झोप तू. उद्या सकाळी फाटकावर पाटी दिसेल."

सकाळी पाटी दिसली. पांढऱ्यावर लाल, हातभर उंचीची अक्षरं : 'जमीन रोज हादरते! दुपारी १२:५२.' 'किंचित' हा शब्द जागेअभावी गेला होता. 'मानवजन्य' रंगाअभावी. उद्गारचिन्हाला मात्र जागाही मिळाली होती आणि रंगही.

सुईबाई पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती तीनदा वाचली. एकही शब्द खोटा नव्हता, हीच तर पंचाईत होती.

दहा वाजेपर्यंत फाटकापुढे दीडशे माणसं जमली. समोरच्या चहावाल्या मावशींनी आपले सगळे ग्लास फळीवरून काढून जमिनीवर मांडले. "पडायचेच असतील तर निदान वरून नकोत," त्या म्हणाल्या. साडेबाराला शाळेची मुलं ओळीने मैदानात आली. फर्निचरवाल्याने दुकानावर 'हादऱ्यात न डगमगणारे पलंग' असा कागद लावला. बारा एकावन्नला रस्ता चिडीचूप झाला. बारा बावन्नला माणसं एकमेकांचे हात धरून उभी होती. बारा चोपन्नला एक शिंपी म्हणाला, "मला जाणवलं बुवा." मग सगळ्यांनाच जाणवलं.

एवढ्यात केंद्रातला फोन वाजला. सासूबाई होत्या.

"जमीन हादरते हे गावाला सांगितलंस आणि सासूला नाही? मी इथे चौथ्या मजल्यावर बसलेय!"

"आई, तसं काही नाहीये हो—"

"पाटी लागलीय म्हणे! आणि अक्षर आमच्याच मुलाचं आहे, अख्खं गाव ओळखतं!"

त्या दिवसापासून सुईबाईंना तोंड उघडणं भाग पडलं. एकोणीस वर्षांत बोलल्या नसतील एवढं त्या चार दिवसांत बोलल्या. त्यांनी रूळ खिडकीपाशी आणून ठेवला, म्हणजे बाहेरून सगळ्यांना सुई दिसेल. आधी त्या आपल्या नेहमीच्या भाषेत सांगायला लागल्या, तेव्हा लोकांचे डोळे मिटायला लागले. मग त्या वैतागल्या आणि वैतागाच्या भरात सोपं बोलू लागल्या.

"हे बघा, लांब कुठे भूकंप झाला की तिथून दोन निरोपे निघतात. एक सायकलवर, एक पायी. सायकलवाला आधी येतो, सुई बारीक थरथरते. पायी येणारा मागून येतो, तेव्हा सुई मोठी हलते. भूकंप जितका लांब, तितकं दोघांत अंतर जास्त पडतं. कळलं?"

"म्हणजे सायकलवाला आला की पायवाल्याची वाट बघत आकडे मोजायचे," रिकामे ग्लास गोळा करता करता चहावाल्या मावशी म्हणाल्या.

सुईबाई बघतच राहिल्या. "अगदी बरोबर! आणि जितके सेकंद होतील त्याला आठाने गुणायचं. साधारण तितके किलोमीटर."

"आठाचा पाढा येतो मला. आठ रुपयाला चहा विकते मी."

पण बारा बावन्नच्या हादऱ्यात ना सायकलवाला होता, ना पायी येणारा. एकदम धडधड व्हायची आणि मिनिटभरात संपायची. ही माणसांचीच करामत, हे बाईंना सहा वर्षं ठाऊक होतं. कुठली माणसं, हे शोधायची गरज पडली नव्हती. आता गावातली अर्धी माणसं दुपारी घराबाहेर पथारी टाकून बसत होती, तेव्हा शोधणं आलं. मामांच्या हातात घड्याळ देऊन बाई त्यांना रोज वेगळ्या जागी उभं करू लागल्या. पहिल्या दिवशी पिठाची गिरणी. काही नाही. दुसऱ्या दिवशी छापखाना. काही नाही. तिसऱ्या दिवशी मामांना शेजारच्या परवाना कार्यालयाच्या लाकडी जिन्याखाली उभं केलं.

एक वाजता मामा परत आले. टोपी चपटी, चष्मा कानाला लोंबतोय.

"बाई, सापडलं."

"काय?"

"माणसं. चौऱ्याऐंशी. सगळी एकदम उतरली जेवायला. माझ्या टोपीवरून तिघं गेले, त्यातल्या एकाने माफी मागितली."

"पण त्यांची सुट्टी तर दीड वाजता असते!"

"ते त्यांच्या पायांना कोणी सांगितलेलं दिसत नाही."

सुईबाईंनी मागचे रूळ काढले. बारा बावन्नला मोठी धडधड आणि तीन वाजून पाच मिनिटांनी दुसरी, पण ती सावकाश, पेंगुळलेली. सहा वर्षांची नोंद होती, कामाचा एकही दिवस चुकला नव्हता. बाईंनी यजमानांना नवी पाटी करायला सांगितली आणि या वेळी शेजारी उभं राहून एकेक शब्द तपासला. पाटी अशी झाली : 'घाबरू नका. भूकंप नाही. परवाना कार्यालय जेवायला उतरते, १२:५२. परत चढते, ३:०५.'

गावाने पाटी वाचली. मग जे हसलं ते आठवडाभर हसत होतं. त्या कार्यालयाच्या खिडकीशी 'साहेब जागेवर आहेत, थांबा' ऐकत ताटकळलेलं माणूस प्रत्येक घरात एक तरी होतंच. आता लोक सकाळी पेपर वाचायच्या आधी केंद्राची पाटी वाचायला लागले.

परवाना कार्यालयाचे मोठे साहेब लालबुंद होऊन केंद्रात आले. गाव त्यांना परवानासाहेब म्हणायचं.

"ही सरकारी यंत्रणेची बदनामी आहे!"

"आम्हीही सरकारीच आहोत," सुईबाई म्हणाल्या. "आणि नावं मी घेतलेलीच नाहीत. सुईला नावं कळत नाहीत."

दुसऱ्या दिवशी कार्यालयाने चपला हातात घेऊन जिना उतरायचं ठरवलं. पाटीवर आलं : 'आज १२:५२, नेहमीपेक्षा मऊ.' तिसऱ्या दिवशी ते एकेक करून उतरले. पाटीवर आलं : 'आज १२:४० ते १:१५, एकेक. एक जण खालून तिसऱ्या पायरीवर घसरला. बरं वाटतंय ना?' चौथ्या दिवशी त्यांनी हार मानली आणि दीड वाजेपर्यंत जागेवर बसून राहिले. आता बसलोच आहोत तर करायचं काय, म्हणून कोणीतरी एक फाईल उघडली. त्या आठवड्यात गावात एकशे सहा परवाने निघाले.

परवानासाहेबांनी मुख्य कचेरीकडे नऊ पानी तक्रार धाडली. 'हे केंद्र भूकंपाऐवजी कर्मचाऱ्यांची नोंद ठेवते. ते तातडीने बंद करावे.'

तपासणीच्या दिवशी अकरा वाजता तपासणीसाहेब आले. हातात तीच नऊ पानं आणि एक छापील तक्ता होता. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खं गाव बघायला आलं होतं. परवानासाहेब आपली चौऱ्याऐंशी माणसं साक्षीला घेऊन आले होते. फाटकाबाहेर मावशींचा चहा दुथडी वाहत होता. सासूबाईही आल्या होत्या, नवी साडी नेसून, आणि शेजारणीला सांगत होत्या, "ती खिडकीतली ना, ती आमची सून."

एवढी गर्दी बघून सुईबाईंना धीर आला. एकोणीस वर्षांत एक माणूस फिरकला नव्हता आणि आज बघा! आता कोण म्हणेल लोकांना ठाऊक नाही?

तपासणीसाहेबांनी तक्ता उघडला. "प्रश्न सातवा. नागरिकांस केंद्राचे कार्य ठाऊक आहे काय? हो की नाही." त्यांनी शिंप्याला पुढे बोलावलं. "सांगा, इथे काय चालतं?"

"परवानावाले जेवायला कधी उठतात ते कळतं साहेब! फार मोठं काम आहे."

"तुम्ही?"

"माझ्या गच्चीचा परवाना चार वर्षं अडकला होता," एक आजोबा गहिवरून म्हणाले. "या यंत्राने नऊ दिवसांत काढून दिला. देव भलं करो यंत्राचं."

"तुम्ही?"

"आळशी माणसं पकडायचं मशीन आहे हे. आमच्या घरी एक बसवून मिळेल का? माझे दोन दीर आहेत."

प्रत्येक उत्तराला टाळ्या पडत होत्या आणि प्रत्येक टाळीबरोबर सुईबाईंचा चेहरा उतरत होता. तपासणीसाहेबांनी पेन काढलं. "भूकंपाचं नाव एकानेही घेतलं नाही," ते म्हणाले आणि सातव्या प्रश्नापुढे त्यांनी ठसठशीत 'नाही' लिहिलं. "बाई, वाईट वाटतं. पण लोकांच्या पैशावर आपण एका जिन्याची चौकीदारी नाही करू शकत."

परवानासाहेबांच्या मिशा हसल्या. सुईबाईंना भडभडून आलं. रडू दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि सवयीने रुळाकडे बघितलं.

सुई थरथरत होती.

"कोण हललं?" त्या ओरडल्या.

अंगणातल्या सगळ्या माना एकदम परवाना कार्यालयाकडे वळल्या. पण जिना रिकामा होता. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी माणसं समोर उभी होती.

"आम्ही नाही!" परवानासाहेब दोन्ही हात वर करून म्हणाले. "या वेळी खरंच आम्ही नाही!"

"मग आता कोणीही हलू नका! आहात तसे उभे राहा!"

चारशे माणसं जागच्या जागी थिजली. एका कारकुनाचा पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. तपासणीसाहेब पेन हवेत धरून उभे होते. आणि त्या शांततेत फाटकावरून मावशींचा आवाज आला, "सायकलवाला आलाय! मोजा! पाच, सहा, सात…"

"आठ, नऊ, दहा," शिंपी म्हणाला. मग गच्चीवाले आजोबा, मग दोन दिरांची वहिनी, मग शाळेची मुलं. वीसपर्यंत सगळं अंगण एका सुरात मोजत होतं. तिसाला परवाना कार्यालयही त्यांना सामील झालं. सुईबाईंची नजर सुईवरून हटत नव्हती. एकोणचाळीस. चाळीस. आणि सुई कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सपकन गेली.

"पायवाला!" चारशे माणसं ओरडली.

"चाळीस आठे तीनशे वीस," मावशी म्हणाल्या. "साहेब, इथून तीनशे वीस किलोमीटरवर मोठा भूकंप झालाय. कुठल्या दिशेला ते आम्हाला नाही कळत. ते बाकीच्या केंद्रांना विचारावं लागतं. बाईंनी सांगितलंय."

तपासणीसाहेबांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात फोन वाजला. मामांनी तो त्यांच्याच हातात दिला. पलीकडे मुख्य कचेरीत गोंधळ चालला होता आणि तो अंगणापर्यंत ऐकू येत होता.

"साहेब, तुम्ही तिथेच आहात? बरं झालं! दोन केंद्रांच्या नोंदी आल्यात, त्यांच्या अंतरांची वर्तुळं काढली. पण ती दोन जागी एकमेकांना छेदताहेत. एक भर समुद्रात, एक डोंगरातल्या गावाखाली. त्या गावाचे फोन बंद आहेत. तिसऱ्या केंद्राशिवाय सांगता येत नाही, मदत बंदरावर पाठवू की डोंगरात?"

"मग जवळच्या तिसऱ्या केंद्राला विचारा!"

"ते आपण गेल्या महिन्यात बंद केलं, साहेब. तुमच्याच सहीने."

तपासणीसाहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी सुईबाईंकडे बघितलं. बाईंनी रुळावर पट्टी ठेवून मोजलं, पुन्हा मोजलं आणि मान डोलावली. "तीनशे वीस. मावशींचं बरोबर आहे."

"तीनशे वीस," साहेब फोनमध्ये म्हणाले.

पलीकडे कंपास कागदावर फिरल्याचासुद्धा आवाज आला म्हणे, असं मामा आजही शपथेवर सांगतात. मग उत्तर आलं, "डोंगर, साहेब! तीनही वर्तुळं डोंगरातच मिळताहेत! गाड्या सोडतो!"

गाड्या सुटल्या. मावशींनी त्या दिवशी दुपारचा चहा कोणाला विकला नाही, नुसता वाटला. कोणी घरी गेलं नाही. बारा बावन्न होऊन गेले, दीड वाजला, परवाना कार्यालयसुद्धा जेवायचं विसरून अंगणात बसून राहिलं. चार वाजता फोन आला. डोंगरातल्या गावात तेरा घरांच्या भिंती आडव्या झाल्या होत्या. ढिगाऱ्याखाली सात माणसं अडकली होती. गाड्या वेळेवर पोहोचल्या आणि सातही जण जिवंत निघाले.

मग अंगणात जो जल्लोष झाला, त्याने सुई रुळावरून उडाली. सुईबाई हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि दोन्ही लपवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. सासूबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या, सुनेचा हात धरला आणि तपासणीसाहेबांना म्हणाल्या, "ही भूकंपशास्त्रज्ञ आहे. माझी सून. आणि पाटी रंगवली तो माझा मुलगा."

तपासणीसाहेबांनी तक्ता पुन्हा उघडला. त्यांनी 'नाही' खोडलं आणि वर 'हो' लिहिलं. अक्षर लहान आलं असं वाटून ते पुन्हा गिरवलं. मग नऊ पानी तक्रार घडी घालून परवानासाहेबांच्या हातात ठेवली. "आणि ते बंद केलेलं केंद्र," ते सुईबाईंना म्हणाले, "ते उघडायचा कागद मी उद्याच काढतो. एक विनंती आहे. तिथल्या लोकांना सायकलवाल्याचं सांगायला तुम्ही आणि मावशी याल का?"

"चहाची गाडी बरोबर घेऊन येईन," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळी अंगण रिकामं झालं. तपासणीसाहेबांची गाडी फाटकाशी उभी होती. मामा दार लावायला निघाले, तेव्हा साहेब अजून खिडकीपाशी होते. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कोणी बघत नाही अशी खात्री केली, बॅग खाली ठेवली आणि मग ती उचलून घाईघाईने गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीपुढे नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. वर मोठ्या लाल अक्षरांत डोंगरातल्या गावाची बातमी होती : 'सात जण सुखरूप.' त्याखाली लिहिलं होतं : 'काल १२:५२, कंपन नाही.' आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, पण या वेळी एकही शब्द न गाळता : 'काल सायं. ५:१७. स्थानिक मानवजन्य कंपन, एक उडी. स्रोत : तपासणी अधिकारी. परिमाण : समाधानकारक.'